चोकची मूठ गरम का होत होती? १९८९ सालच्या पद्मिनीतील अर्थिंगच्या दोषाचा शोध

माझ्या मामांकडे देवरूखला १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासणीसाठी न्यावी लागते. त्या हिशेबाने २०२४ मध्ये नूतनीकरणाची पाळी आली, आणि तपासणीत हेडलाइट, ब्रेकचे दिवे, इंडिकेटर, वायपर हे सगळे पाहिले जात असल्यामुळे गाडीच्या विजेच्या तक्रारी पुढे ढकलणे आता शक्य नव्हते. मी व्यवसायाने ग्रंथपाल आहे. बल्ब बदलण्यापलीकडे गाडीच्या वायरिंगला मी तोवर हात लावलेला नव्हता. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे की यातील मूळ दोष अगदी साधा होता, तो शोधण्याचे साधनही पहिल्या दिवसापासून माझ्या हातात होते, आणि तरीही ते साधन चुकीच्या पद्धतीने लावल्यामुळे माझे दोन रविवार आणि मामांचे बरेच पैसे वाया गेले.

तक्रारी अशा होत्या. सकाळी सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) मारला की तो जड आवाज करत अर्धा-एक फेरा फिरे आणि थांबे. तीन-चार वेळा प्रयत्न केल्यावर कधी इंजिन चालू होई, कधी ढकलून चालू करावे लागे. हेडलाइट पिवळट आणि मंद होते. ब्रेक दाबला की डाव्या बाजूचा मागचा पार्किंगचा दिवाही क्षीणपणे उजळत असे. तीन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या आणि तिसरीही आठवडाभर गाडी उभी राहिली की माघार घेत होती. गावातील इलेक्ट्रिशियनचे निदान होते की सेल्फ गेला आहे. मामांनी मला फोनवर हे सगळे सांगितले आणि जाता जाता एक वाक्य जोडले, ‘‘आणि हल्ली चोकची मूठ हाताला गरम लागते रे, इंजिन तापत असेल.’’ चोक म्हणजे गार इंजिन चालू करताना पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी कार्ब्युरेटरची झडप; तिची ओढायची मूठ डॅशबोर्डवर असते. ते वाक्य मी कागदावर लिहून घेतले, पण त्याचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही. गार पडलेल्या गाडीचा सेल्फ सकाळी मारतानाच, इंजिन चालू होण्याआधी, मूठ गरम लागत असेल, तर त्याला इंजिनाची उष्णता कारण असूच शकत नाही, हा विचार तेव्हाच करायला हवा होता.

कामाला लागण्यापूर्वी सुरक्षिततेचे दोन शब्द, कारण बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. झटका बसत नाही हे खरे, पण चांगली बॅटरी क्षणात काही शे अँपिअर देऊ शकते आणि तेवढ्या प्रवाहात पान्हा लाल होतो. म्हणून बॅटरी सोडवताना आधी मायनसचा टर्मिनल काढायचा आणि जोडताना तो शेवटी लावायचा. मायनस जोडलेला असताना प्लसचा नट सोडवू लागलो आणि पान्ह्याचे दुसरे टोक बॉनेटखालच्या पत्र्याला टेकले, तर सरळ शॉर्ट होतो. मायनस आधी काढलेला असेल तर तोच पान्हा पत्र्याला टेकूनही काही घडत नाही. बोटातली अंगठी आणि मनगटावरचे धातूचे घड्याळ काढून ठेवायचे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा तिच्याजवळ ठिणगी नको आणि काडी तर मुळीच नको.

पहिल्या रविवारी माझ्याकडे एक साधा डिजिटल मल्टिमीटर होता. रात्रभर मायनस काढून ठेवलेल्या बॅटरीचे व्होल्टेज सकाळी मोजले तर १२.६ भरले. विश्रांतीतल्या बॅटरीचा १२.६ हा आकडा म्हणजे ती जवळपास पूर्ण भरलेली आहे, १२.२ च्या आसपास ती अर्धी असते आणि १२.० ला पाव शिल्लक धरायची. बॅटरी मी स्वतःच आदल्या दिवशी चार्जरवर लावली होती, त्यामुळे तिने भार धरून ठेवला एवढे कळले. कोणत्याही जुन्या गाडीत पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे गाडीच्या धातूतून बॅटरीच्या मायनसकडे परतणाऱ्या विजेच्या वाटेवर, घ्यावा असे वाचले होते, म्हणून मीटर कंटिन्युइटीवर (वाट सलग असली की वाजणाऱ्या पट्ट्यावर) लावून एक टोक इंजिनाला आणि दुसरे बॉडीला लावले. मीटर खणखणीत वाजला. ओहमच्या पट्ट्यावर ०.४ दिसले, मीटरची दोन्ही टोके एकमेकांना भिडवली तरीही ०.४ च दिसत होते, म्हणजे मधला विरोध शून्य. अर्थिंग चोख आहे असा निष्कर्ष मी वहीत लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. या प्रकरणातली सर्वांत महाग चूक ती रेघ आहे.

अर्थिंग चोख मानल्यावर उरला सेल्फ. तो उतरवून आम्ही रत्नागिरीला एका कारागिराकडे नेला. त्याने तो टेबलावर बॅटरीला थेट जोडून फिरवून दाखवला आणि तो भिंगरीसारखा फिरला. कारागीर सज्जन होता. ब्रशही निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत, उगाच खर्च करू नका, असे त्याने स्वतःहून सांगितले. सेल्फ पुन्हा बसवला आणि गाडी पूर्वीसारखीच कण्हली. दुसरा रविवार असा गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात मी पुण्याला परतून शांतपणे विचार केला. मीटरचा कंटिन्युइटीचा आवाज आपल्याला नेमके काय सांगतो? मीटर आपल्या छोट्या सेलमधून तारेत साधारण एखादा मिलिअँपिअर प्रवाह सोडतो आणि तो पलीकडे पोहोचला की वाजतो. केसाएवढा एक तांब्याचा धागा शिल्लक असला तरी तो पोहोचतो. सेल्फला मात्र शंभर अँपिअर किंवा त्याहून जास्त लागतात. शंभर अँपिअरच्या वाटेवर ०.०१ ओहमचा विरोध असला तर ओहमच्या नियमानुसार तेथेच एक व्होल्ट खर्च होतो, आणि ०.०१ ओहम माझ्या मीटरला दिसणे शक्यच नाही, कारण त्याच्या स्वतःच्या तारांचाच विरोध त्याच्या चाळीसपट आहे. पायवाट आहे की नाही एवढेच मी विचारले होते, आणि त्या वाटेने मालट्रक जाईल असे उत्तर मनाशी धरून बसलो होतो. जोडणीची खरी परीक्षा तिच्यातून काम चालू असताना, म्हणजे प्रवाह वाहत असतानाच घ्यावी लागते. ती घेण्याची पद्धत म्हणजे जोडणीच्या दोन टोकांमधले व्होल्टेज मोजणे: चांगल्या जोडणीच्या दोन टोकांत जवळजवळ काहीच फरक नसतो, आणि जेथे व्होल्ट सापडतात तेथे ते गळत असतात.

तिसऱ्या रविवारी हीच परीक्षा घेतली. गाडी न्यूट्रलमध्ये, हॅन्डब्रेक ओढलेला, चाकांमागे दगड. इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची बारीक तार काढून तिचे टोक टेपने झाकले. सेल्फ एका वेळी चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त फिरवायचा नाही आणि मध्ये मिनिटभर थांबायचे, असे ठरवले. मीटर वीस व्होल्टच्या डीसी पट्ट्यावर होता. ‘‘मामा, मी हो म्हणेन तेव्हा चावी फिरवा आणि थांबा म्हणेन तेव्हा सोडा,’’ एवढे सांगून मी बॉनेटखाली वाकलो.

सेल्फ कण्हत असताना बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंटांमध्ये ११.४ व्होल्ट होते. टर्मिनलच्या पट्ट्यांऐवजी मी टोके मुद्दाम खुंटांवरच टेकवली होती, कारण खुंट आणि पट्टा यांच्यातही दोष असू शकतो. हा ११.४ आकडा नवशिक्याला दिलासा देणारा वाटतो, आणि खरी गोम येथेच आहे. बॅटरी दुबळी असती तर सेल्फ मारताच तिचे व्होल्टेज नऊच्याही खाली घसरले असते. सेल्फ आतून अडकलेला असता तर त्याने भरमसाट प्रवाह ओढला असता आणि तरीही व्होल्टेज घसरलेच असते. व्होल्टेज भरपूर आणि सेल्फ तरीही मरगळलेला, याचा अर्थ बॅटरी द्यायला तयार आहे पण वाटेत कोणीतरी अडवत आहे.

मग अडवणारा शोधणे हा निव्वळ बेरीज-वजाबाकीचा भाग राहिला. सेल्फचा तांब्याचा जाड स्टड आणि सेल्फचे अंग यांच्यामध्ये, म्हणजे सेल्फच्या वाट्याला, फक्त ७.३ व्होल्ट येत होते. बॅटरीचा प्लस खुंट ते सेल्फचा स्टड या वाटेत ०.३५ गळत होते, जे इतक्या जुन्या केबलला माफ करण्यासारखे आहे. मायनस खुंट ते सेल्फचे अंग या परतीच्या वाटेत मात्र तब्बल ३.७५ व्होल्ट गळत होते. तिन्ही आकड्यांची बेरीज बरोबर ११.४ येते, ती जुळली तेव्हा मला पहिल्यांदा खात्री वाटली की मी अंदाज करत नसून मोजत आहे. परतीच्या वाटेचेही दोन तुकडे केले. मायनस खुंट ते बॉडीचा पत्रा ०.१५ आणि बॉडीचा पत्रा ते इंजिन ३.६. ज्या जागेला मी पहिल्या रविवारी चोख म्हटले होते, तीच ही जागा.

पद्मिनीचे इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसतात. रबर वीज वाहू देत नाही, त्यामुळे बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असला तरी इंजिन बॉडीपासून विजेच्या दृष्टीने वेगळेच राहते. त्या दोहोंना जोडण्यासाठी तांब्याच्या तारांची विणलेली एक चपटी पट्टी दिलेली असते. ती पट्टी निकामी झाली तर सेल्फचा प्रवाह थांबत नाही, तो मिळेल त्या धातूतून बॉडीकडे परततो. इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये धातूचा दुसरा दुवा कोणता? चोकची केबल. तिचे एक टोक कार्ब्युरेटरला आणि दुसरे डॅशबोर्डच्या पत्र्याला असते. बारीक पोलादी तारेच्या त्या केबलमधून सेल्फचा प्रवाह जात होता, तार तापत होती आणि तिची मूठ मामांच्या हाताला गरम लागत होती. निदान फोनवरच्या त्या एका वाक्यात पूर्ण होते. चोकची, अॅक्सिलरेटरची किंवा स्पीडोमीटरची केबल सेल्फ मारताना गरम होत असेल, तर दुसरे काहीही तपासण्याआधी इंजिनाची अर्थपट्टी पाहावी. अशी केबल लाल होऊन तिच्यावरचे आवरण पेटल्याचे प्रकारही होतात, म्हणून तोपर्यंत सेल्फ वारंवार मारू नये.

खात्रीसाठी जंपर केबलमधली काळी केबल घेतली आणि तिचा एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनाच्या उघड्या बोल्टला लावला. मामांनी चावी फिरवली आणि सेल्फ असा फिरला की त्यांनी दचकून चावी सोडली. कोणताही भाग विकत न घेता, पाच मिनिटांत आणि तात्पुरत्या केबलने दोषाची जागा सिद्ध करता येते, ही या चाचणीची थोरवी आहे.

आता पट्टी. ती गिअरबॉक्सजवळ खालच्या अंगाला होती आणि चिखलाच्या थराखाली धडधाकट दिसत होती. ब्रशने चिखल काढला तेव्हा विणीच्या खाचांमध्ये मोरचुदासारखी निळसर-हिरवी भुकटी भरलेली दिसली. बोटाने जरा ओढताच वीण पानगळीसारखी सुटली आणि दोन्ही टोकांमध्ये चार-पाच तारा तेवढ्या उरल्या. मीटर वाजवण्यासाठी त्या चार तारा पुरेशा होत्या. देवरूखच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, गाडी उघड्या शेडमध्ये उभी असते, आणि पस्तीस वर्षांच्या तांब्याकडून याहून जास्त अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. भर म्हणजे कधीतरी गिअरबॉक्सचे काम झाल्यावर कोणीतरी पट्टीचे बॉडीकडचे टोक रंगावरच आवळले होते, त्यामुळे तेथे धातूला धातू फक्त बोल्टच्या आट्यांपुरता भिडत होता.

बॅटरीच्या दुकानातून पंचवीस चौरस मिलिमीटरच्या लवचिक तांब्याच्या केबलचा हातभर तुकडा, दोन्ही टोकांना दाबून बसवलेल्या थिंबलसह (बोल्टमध्ये अडकवायच्या धातूच्या कड्यांसह), करून आणला. केबल थोडी सैल ठेवली, कारण चालू इंजिन रबरावर हलते आणि ताणलेली केबल लवकर तुटते. बॉडीकडची जागा पॉलिश पेपरने घासून रुपयाच्या नाण्याएवढा पत्रा चकचकीत होईपर्यंत उघडा केला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि सगळ्यात शेवटी वरून पेट्रोलियम जेली लावली. जेली आधी भरपूर चोपडून मग बोल्ट आवळणारेही लोक मी पाहिले आहेत; मला ते पटत नाही. आधी धातूला धातू भिडावा आणि जेलीने बाहेरचे पाणी अडवावे.

पुन्हा मोजले. इंजिन ते बॉडी ०.०९ व्होल्ट. सेल्फच्या वाट्याला ९.५. बॅटरीच्या खुंटांवर मात्र आता १०.३ दिसत होते, म्हणजे दुरुस्तीनंतर बॅटरीचे व्होल्टेज आधीपेक्षा जास्त घसरत होते. क्षणभर मी घाबरलो. पण ते तसेच असायला हवे: वाट मोकळी झाल्यामुळे सेल्फ आता हवा तेवढा प्रवाह घेत आहे आणि बॅटरीला खरे काम पडत आहे. प्लसच्या केबलमधली गळतीही ०.३५ वरून ०.५ वर गेली, तीही त्याच कारणाने.

बॅटऱ्या लवकर का मरत होत्या याचे उत्तरही याच पट्टीत निघाले. या गाडीला पूर्वीच्या मालकाने बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बसवून घेतला आहे आणि त्याचे व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर त्याच्या पोटातच आहे. अल्टरनेटर इंजिनावर बसतो, म्हणजे चार्जिंगचा प्रवाहसुद्धा इंजिन आणि बॉडी यांच्यामधल्या त्याच वाटेने पूर्ण होतो. पट्टी बदलण्यापूर्वी, इंजिन जरा वेगात ठेवून आणि हेडलाइट लावून मोजले तेव्हा अल्टरनेटरच्या अंगावर १४.२ व्होल्ट होते आणि बॅटरीवर जेमतेम १२.९. अल्टरनेटर आपले काम चोख करत होता, पण बॅटरी कधीच पूर्ण भरत नव्हती, आणि कायम अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसून ती मरते. नवी पट्टी लावल्यावर बॅटरीवर १३.९ आले. दोन बॅटऱ्यांचा दोष बॅटऱ्यांचा नव्हता हे मामांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

हेडलाइट या दुरुस्तीने थोडे सुधारले, पण समाधानकारक झाले नाहीत. तेथेही तीच पद्धत लावली. बॅटरीवर १३.९ असताना बल्बच्या होल्डरवर ११.३ मिळत होते. अर्थच्या बाजूला ०.३ गळत होते आणि उरलेले २.३ व्होल्ट फ्यूज, स्विच व डिपर यांच्या वाटेत. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की अशा बल्बचा प्रकाश साधारण तीस टक्क्यांनी घटतो, तेव्हा अडीच व्होल्टची गळती म्हणजे निम्म्याच्या आसपास प्रकाश गेला. या गाडीचे फ्यूज जुन्या पद्धतीचे, चिनी मातीच्या दांडीवर धातूची पट्टी असलेले आणि दोन्ही टोकांना निमुळते असतात. पट्टी तुटलेली नसेल तर फ्यूज चांगला असे आपण समजतो, पण त्याची टोके आणि त्यांना पकडणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या गंजतात. एका फ्यूजच्या दोन टोकांतच ०.६ व्होल्ट सापडले आणि तो हाताला गरम लागत होता. पट्ट्या घासल्या, फ्यूज नवे घातले. मूळच्या बल्बांच्या जागी नंतर केव्हातरी पंचावन्न-साठ वॉटचे बल्ब आले होते आणि दोघांचा मिळून नऊ-दहा अँपिअरचा भार जुन्या स्विचवर पडत होता, म्हणून दोन रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे विजेचे स्विच) लावून बल्बचा प्रवाह स्वतंत्र फ्यूजमधून थेट बॅटरीकडून घेतला. स्विचने आता फक्त रिले उचलायचा. होल्डरवर १३.३ मिळू लागले.

मागच्या डाव्या दिव्याचे कोडे मात्र कोणताही आकडा न मोजता सुटले. ब्रेकच्या बल्बच्या प्रवाहाला होल्डरच्या गंजामुळे बॉडीकडे परतता येत नव्हते, म्हणून तो शेजारच्या पार्किंगच्या तारेतून उलटा जाऊन इतर दिव्यांवाटे परतत होता आणि वाटेतले बल्ब क्षीण उजळत होते. एक दिवा लावला असता भलताच दिवा मिणमिणला तर तेथील अर्थ पाहावा. होल्डर घासून त्याच्यापासून बॉडीपर्यंत एक स्वतंत्र तार टाकली, काम झाले.

एक खर्च उरला होता. सेल्फच्या प्रवाहाने तापून चोकच्या तारेचा ताठपणा गेला होता. ती ओढली जाई पण ढकलली की वाकडी होऊन चोक अर्धा लागलेलाच राही, आणि त्यामुळे इंजिन पेट्रोल जास्त पीत होते. या केबलसाठी पुण्याच्या नाना पेठेत तीन दुकाने पालथी घातली, चौथ्यात ती मिळाली. ती बसवून मे महिन्यात गाडी तपासणीला नेली आणि त्याच दिवशी ती पास झाली. मी वहीतल्या पहिल्या रविवारच्या पानावर मारलेली रेघ खोडली आणि तिच्या शेजारी ३.६ हा आकडा लिहिला. ती वही आता गाडीच्या खणात असते. सप्टेंबरात, पावसाळा संपत आल्यावर, मामांनी शेजारच्या मुलाला चावी फिरवायला बसवून स्वतः मीटर लावला आणि इंजिन ते बॉडी ०.१ अशी नोंद त्यांच्या अक्षरात केली. खाली लिहिले आहे, ‘चोक गार.’